बाळ खाली सरकलंय का? शेवटच्या महिन्यात काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं आणि कधी निघायचं

नववा महिना लागला की पोटाकडे सगळ्यांचंच लक्ष जातं. कालपर्यंत छातीला भिडलेलं पोट आज जरा खाली दिसतं. श्वास मोकळा होतो, आणि लघवीला मात्र दर अर्ध्या तासाने उठावं लागतं. कोणीतरी म्हणतं, "पोट उतरलंय हं," आणि घरात लगेच दिवस मोजायला सुरुवात होते.

पोट उतरलं यावरून बाळ कुठे आहे हे कळतं. ते कधी येणार, हे त्यावरून कळत नाही. पहिल्या खेपेला डोकं खाली बसल्यावरही दोन ते चार आठवडे जाऊ शकतात, आणि दुसऱ्या खेपेला कळा सुरू होईपर्यंत पोट तसंच वर राहू शकतं. म्हणून तारखेचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा खुणा नीट ओळखा. या दिवसांतला प्रत्येक त्रास "बाळ खाली आलं म्हणून" या एका कारणावर टाकला जातो, आणि ज्या त्रासासाठी तातडीने दवाखाना गाठायला हवा तोही त्यातच दडून जातो. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

हाताशी काय ठेवायचं

- तपासणीची फाईल किंवा कार्ड, सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, सर्वांत ताजा वर
- रक्तगटाचा रिपोर्ट (गट निगेटिव्ह असेल तर फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा), हिमोग्लोबिन, साखर आणि इतर रक्ततपासण्या
- चालू गोळ्यांची आणि ॲलर्जीची यादी, ओळखपत्र
- छोटी वही, पेन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ
- सुगंध नसलेले पॅड
- प्रसूती विभागाचा, रुग्णवाहिकेचा आणि गाडी चालवणाऱ्याचा नंबर, फोनमध्ये आणि कागदावरही

१. आधी आठवडा पक्का करा

महिन्यांत मोजू नका, आठवड्यांत मोजा. "आठवा संपला" या शब्दांत दोन-तीन आठवड्यांची गफलत सहज होते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. सुरुवातीच्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी तारीख बदलली असेल तर तीच धरा. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीत छापून येणारी तारीख बाळाच्या मापांवरून काढलेली असते. ती पाहून मूळ तारीख बदलू नका.

आठवड्याला एवढं महत्त्व का, तर त्याच खुणेचा अर्थ आठवड्यानुसार बदलतो. ३७ व्या आठवड्यात ओटीपोटात जड वाटणं नेहमीचं आहे. तोच जडपणा ३२ व्या आठवड्यात अचानक आला आणि जोडीला ठरावीक अंतराने पोट कडक होत असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्यायला हवं. ३७ आठवडे भरण्याआधीची प्रसूती अपुऱ्या दिवसांची धरतात, आणि ती बऱ्याचदा अशीच, साधा जडपणा वाटावा तशी सुरू होते.

पहिलटकरणीचं पोट साधारण ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान उतरतं. यापूर्वी प्रसूती झाली असेल तर पोटाचे स्नायू सैलावलेले असतात, त्यामुळे बाळाला वर ऐसपैस जागा मिळते. डोकं शेवटपर्यंत वर राहतं, कधी खाली येऊन पुन्हा वर सरकतं. त्यात काही बिघडलेलं नसतं.

२. आत काय घडतं

शेवटच्या आठवड्यांत गर्भपिशवीचा खालचा भाग ताणून पातळ होतो. मधूनमधून येणाऱ्या, न दुखणाऱ्या आवळण्यांमुळे तिथे जागा तयार होते आणि बाळाचं डोकं कमरेच्या हाडांच्या कड्यात उतरू लागतं. हे कडं पुढून मागे साधारण ११ सेंमी असतं आणि आडवं १३ सेंमी. दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याची रुंदी साधारण साडेनऊ सेंमी. आडवी जागा जास्त असल्यामुळे बाळ बहुधा तोंड एका कुशीकडे करून आत शिरतं आणि पुढे कळांमध्ये वळून आईच्या पाठीकडे तोंड करतं. डोक्याचा सर्वांत रुंद भाग या कड्याखाली गेला की "डोकं फिक्स झालं" किंवा "डोकं बसलं" म्हणतात.

पोट थोडं खाली दिसणं आणि डोकं पूर्ण बसणं यांत अंतर आहे. पहिलं आरशात दिसतं. दुसरं तपासणाऱ्या हातालाच कळतं.

३. घरी पाहायच्या खुणा

एकाच खुणेवर जाऊ नका. खालच्यांपैकी तीन-चार खुणा दोन-तीन दिवसांत एकत्र दिसल्या, तर पोट उतरलं असं समजायला हरकत नाही.

तळहाताची खूण. सकाळी लघवी करून या, पाठ टेकून ताठ बसा आणि छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या टोकाशी तळहात आडवा ठेवा. आधी बोटंही मावत नव्हती तिथे आता पूर्ण हात बसत असेल, तर गर्भपिशवीचं वरचं टोक खाली आलंय. रोज करायची गरज नाही, तीन दिवसांतून एकदा पुरे. संध्याकाळी किंवा जेवणानंतर पाहिलंत तर फुगलेल्या पोटामुळे चुकीचा अंदाज येतो.

बाजूने फोटो. त्याच जागी, त्याच कपड्यांत, कॅमेरा बेंबीच्या उंचीला धरून आठवड्यातून दोन फोटो काढा. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतो. पोटाचा फुगवटा बेंबीच्या वरून खाली सरकलेला दिसतो. बाळ आधीपासून खाली असलेल्यांच्या किंवा रुंद बांध्याच्या बाईच्या फोटोत मात्र काहीच दिसणार नाही, हेही होतं.

श्वास आणि जळजळ. फुप्फुसांखालचा पडदा मोकळा होतो, त्यामुळे जिना चढताना लागणारी धाप कमी होते. जठरावरचा दाब कमी झाल्याने छातीतली जळजळ थांबते आणि एका वेळी पोटभर जेवता येतं. बऱ्याच जणींना सर्वांत आधी हाच बदल जाणवतो.

लघवी. डोकं मूत्राशयावर टेकतं. वारंवार जावं लागतं, थोडीशीच होते, खोकताना-शिंकताना थेंब गळतात.

चाल आणि दुखणं. पाय फाकवून डुलत चालणं, जांघेत जडपणा, माकडहाडाजवळ दुखणं. कधी योनीत किंवा मांडीच्या आत विजेचा झटका बसावा तशी कळ येते आणि काही सेकंदांत जाते. डोक्याचा दाब तिथल्या नसांवर पडतो म्हणून असं होतं. कूस बदलली की थांबते. मूळव्याधही याच दिवसांत वर येते.

हालचालीची जागा. बाळाची उचकी पोटावर ठराविक लयीत बारीक ठोके पडावेत तशी लागते. ती बेंबीच्या बरीच खाली, ओटीपोटाच्या हाडाजवळ जाणवू लागते. पायांच्या ढुशा बरगडीखाली बसत असतील तर आता थोड्या खाली बसतात. खाली जागा अपुरी असल्याने लाथेपेक्षा लोळल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं.

वहीत तारीख, आठवडा आणि दिसलेली खूण एवढं एका ओळीत लिहा. पुढच्या तपासणीला हे पान दाखवलं की डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

४. फाईलमधल्या खुणा वाचायला शिका

तपासणीच्या खोलीत जाण्याआधी लघवी करून घ्या. भरलेलं मूत्राशय डोक्याला वर ढकलतं, आणि मग डोकं वर आहे की मूत्राशय भरलंय हे ठरवणं कठीण जातं.

डॉक्टर किंवा नर्स ओटीपोटाच्या हाडाच्या वर अंगठा आणि बोटं ठेवून बाळाचं डोकं चिमटीत धरल्यासारखं हलवून पाहतात. मोकळं डोकं पाण्यातल्या चेंडूसारखं इकडून तिकडे सरकतं. बसलेलं डोकं हलत नाही. मग हाडाच्या वर डोक्याचा किती भाग हाताला लागतो ते पाचांत लिहितात. पाच बोटं डोक्यावर मावली तर ५/५, म्हणजे डोकं पूर्ण वर. ३/५ म्हणजे उतरतंय. २/५ किंवा त्याहून कमी म्हणजे बसलं. हा आकडा उतरत जातो, त्यामुळे "पाचपैकी पाच" ऐकून खूश होऊ नका.

आतून तपासणी केली तर दुसरा आकडा लिहिलेला दिसेल: उणे ३, उणे १, ०, अधिक १. कमरेच्या हाडांच्या आतल्या बाजूला दोन टोकं असतात. डोकं त्या टोकांच्या रेषेत आलं की ०, वर असेल तर उणे, खाली गेलं तर अधिक. आतली तपासणी शेवटच्या महिन्यात प्रत्येक भेटीला लागतेच असं नाही. ती का करताहेत हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

तिसरा आकडा टेपचा. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भपिशवीच्या टोकापर्यंतचं अंतर सेंमीमध्ये आठवड्यांच्या जवळपास येतं, दोन सेंमी इकडेतिकडे. पोट उतरलं की हा आकडा स्थिरावतो किंवा घटतो. पण तो बाळाभोवतीचं पाणी (गर्भजल) कमी झाल्याने किंवा बाळाची वाढ मंदावल्यानेही घटतो. "खाली सरकलंय म्हणून कमी भरलं" हा निष्कर्ष घरी काढू नका, डॉक्टरांना कारण विचारा.

एक प्रश्न आवर्जून विचारा: "खाली डोकंच आहे ना?" पायाळू बाळाचा पार्श्वभागही कमरेत उतरू शकतो. तेव्हाही श्वास मोकळा होतो, लघवी वाढते, पोट खाली दिसतं. वर बरगडीजवळ टणक, गोल गोळा लागत असेल आणि ढुशा खाली मूत्राशयावर बसत असतील तर ३६ व्या आठवड्याच्या आसपासच सांगा. बाहेरून हाताने बाळ वळवण्याचा प्रयत्न साधारण त्याच सुमारास करतात, आणि पार्श्वभाग खोल बसला की वळवणं अवघड जातं.

५. "बाळ खाली आलं म्हणून" असं म्हणून सोडून देऊ नये असं काही

हालचाल मंदावणं. सगळ्यांत जास्त घात करणारा समज हाच: शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ हलणं कमी करतं. हे खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, ती कमी होत नाही, आणि कळा सुरू होईपर्यंत, कळांमध्येसुद्धा बाळ हलत राहतं. शंका आली तर कुशीवर झोपा, टीव्ही-फोन बाजूला ठेवा आणि मोजा. २ तासांत १० हालचाली भरल्या नाहीत तर निघा. दहा भरल्या, पण रोजच्यापेक्षा फार मंद वाटताहेत, तरीही निघा. काही गोड पिऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नका. घरगुती यंत्रावर ठोके ऐकून समाधान मानू नका. ठोके ऐकू येणं म्हणजे बाळ सुखरूप असणं नव्हे. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. या कारणासाठी आलेल्या बाईला प्रसूती विभागात कोणी उगाच आली म्हणत नाही, म्हणूही नये.

लघवीची जळजळ. वारंवार लागणं नेहमीचं. आग होणं, दुर्गंध, गढूळ लघवी, ताप, कुशीत दुखणं हा जंतुसंसर्ग. यावर उपाय म्हणून पाणी पिणं कमी करणं ही चूक वरचेवर होते, आणि त्यानेच त्रास वाढतो.

पाणी जातंय की लघवी? लघवी करून या, कोरडा पॅड लावा, अर्धा तास आडव्या व्हा आणि उठून उभ्या राहा. उठताच पुन्हा ओल आली तर गर्भजल समजून फोन करा. गर्भजल थांबवून थांबत नाही आणि त्याला लघवीचा वास नसतो. रंग पाहा: पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर ठीक, हिरवट-तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असते, लगेच निघा. पॅड टाकून न देता पिशवीत घालून सोबत न्या.

पांढरं जाणं. पातळ, दुधट, वास आणि खाज नसलेलं वाढलं तर चालतं. जेलीसारखा चिकट तुकडा, गुलाबी किंवा तपकिरी रेषांसह पडला, तर गर्भपिशवीच्या तोंडाचं बूच सुटलंय. ३७ आठवड्यांनंतर त्यात घाई नाही, कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी. पाळीसारखं ताजं लाल रक्त मात्र कोणत्याही आठवड्यात तातडीचं.

सूज. दोन्ही पावलं संध्याकाळी सुजणं साधारण. एकाच पोटरीत सूज, लाली आणि दुखणं, किंवा चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, रक्तदाब १४०/९० किंवा वर, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी तपासणी.

६. जडपणा सुसह्य करायला

बसताना गुडघ्यांपेक्षा कंबर थोडी उंच राहील असं बसा. खोल सोफ्यात रुतून बसलात तर कंबर मागे दुमडते आणि दाब माकडहाडावर येतो. व्यायामाचा मोठा चेंडू ५५, ६५ आणि ७५ सेंमी अशा मापांत मिळतो. बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली राहतील ते माप तुमचं. खाली घसरणार नाही अशी चटई घाला, आणि पहिल्या दिवशी कोणाला तरी जवळ उभं करा.

झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये जाड उशी आणि पोटाखाली पातळ उशी. कूस बदलताना दोन्ही गुडघे चिकटवून एकदम वळा. एकेक पाय वळवला की जांघेच्या हाडाच्या सांध्यात कळ येते. कपडे घालताना बसूनच पाय घाला. पोटाचा पट्टा पोटाखालून कमरेवर बसला पाहिजे. पोटावर आवळून बांधला तर दाब उलट वाढतो. दिवसभर लावून ठेवू नका, चालताना लावा.

लघवी झाल्यावर थोडं पुढे झुकून पुन्हा प्रयत्न करा, उरलेली निघून जाते. पाणी दिवसा पुरेसं प्या आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत थोडं कमी करा.

७. पोट उतरतच नाही तेव्हा

चालणं आणि चेंडूवर कंबर फिरवणं अंगाला बरं वाटतं, करा. त्याने डोकं नक्की उतरेल अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. एरंडेल पिणं, पोट चोळून खाली ढकलणं, तासन्‌तास उकिडवं बसणं यांतलं काही करू नका. एरंडेलाने जुलाब आणि उलट्या होतात, आणि ऐन कळांच्या वेळी अंगात त्राण राहत नाही. पोट दाबल्याने वार (बाळाला नाळेतून पोसणारा, गर्भपिशवीला चिकटलेला भाग) सुटण्याचा धोका असतो.

पहिलटकरणीचं डोकं ३८-३९ आठवड्यांनंतरही पूर्ण वर असेल, तर डॉक्टर कारण शोधतात: वार खाली आहे का, पाणी जास्त आहे का, गाठ आहे का, बाळाचं तोंड पुढे आहे का, बाळ आणि कमरेची जागा यांचं माप जुळतं का. पुष्कळदा यांतलं काहीच सापडत नाही आणि कळा लागल्यावर डोकं आपोआप उतरतं. डोकं वर आहे एवढ्यावरून सिझेरियनच होणार असं धरून चालू नका. "कारण काय दिसतंय?" हे विचारा आणि उत्तर वहीत लिहा.

शेवटच्या भेटीत डोकं अजून मोकळं असल्याचं सांगितलं, तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. अशा स्थितीत पाणी एकदम फुटलं तर नाळ डोक्याआधी खाली घसरू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा प्रश्न असतो.

८. निघायचं कधी आणि फोनवर काय सांगायचं

कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर मोजा. संपल्यापासून मोजलं की आकडा चुकतो. दर ५ मिनिटांनी कळ, प्रत्येक साधारण १ मिनिट टिकणारी, आणि असं १ तास चाललं, की पहिल्या खेपेला निघायची वेळ झाली. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर विरणाऱ्या त्या खोट्या कळा. दुसरी-तिसरी खेप असेल, दवाखाना दूर असेल किंवा आधीचं सिझेरियन असेल, तर एवढं थांबू नका. कळा नियमित झाल्या की फोन करा.

फोनवर याच क्रमाने सांगा: आठवडा, कितवी खेप, आधीचं सिझेरियन आहे का, डोकं बसलेलं की वर, पाणी गेलंय का आणि रंग कोणता, रक्त आहे का, बाळ शेवटचं कधी हललं, कळांचं अंतर. फोन शक्यतो गर्भवतीनेच करावा. बोलताना ती मध्येच थांबते का, यावरून पलीकडच्या नर्सला कळांचा जोर समजतो.

डोकं वर असताना पाणी फुटलं तर पॅड लावा, गाडीत बसू नका, मागच्या सीटवर डाव्या कुशीवर कमरेखाली उशी घेऊन आडव्या व्हा. योनीत किंवा बाहेर मऊ, दोरीसारखं काही लागलं तर ती नाळ असू शकते. तिला हात लावू नका, आत ढकलू नका. गुडघे आणि छाती जमिनीला टेकवा, कंबर उंच ठेवा, आणि रुग्णवाहिकेला फोन दुसऱ्या कोणाला तरी लावायला सांगा. पहिलंच वाक्य हे असू द्या: "नाळ बाहेर आली आहे."